गेममधल्या हिरोचा हात

वाळत घातलेल्या मोहफुलांचा उग्र गोड वास आला की ती सकाळ आठवते. आई पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती आणि थोड्या वेळानं त्याच बाजूला वाघ दिसल्याची ओरड झाली. काकांनी मला आत ओढून कडी लावली. बंद दाराकडे बघवेना, म्हणून मी मोबाइलवर सुपरहिरोचा गेम काढला. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत काम करणारे काका बघत राहिले. मग विचारलं, "हा कोणाले वाचवून राह्यला?" "शहराले." "याच्या घरी कोण हाय?" "ते नाई दाखवत, काका." "मंग याले भेव कायचा?" तेवढ्यात दार वाजलं, आईचा आवाज आला. कडी काढताना माझा हात थरथरत होता. असे गेम मी अजूनही खेळते आणि हिरोच्या हाताकडे बघते. तो कधीच थरथरत नाही.