डासाची कादंबरी

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सगळे त्याला डास म्हणत, कारण सुई कधी टोचली हे पेशंटला कळत नसे. त्या दिवशी मात्र त्याच हाताला असा काही कंप सुटला, की एका आजोबांनी दंड मागे घेतला आणि म्हणाले, "आधी तू बस. पाणी पी."

घोडचूक सकाळीच लक्षात आली होती. चार वर्षं चोरून लिहिलेली कादंबरी त्याने आदल्या दिवशी ऑनलाइन प्रकाशित केली होती. टोपणनावाने, ना प्रकाशक, ना संपादक, सगळा एकहाती कारभार! पण दोन फायलींपैकी चढवली भलतीच. जगापुढे गेली ती कंसातल्या टिपांसकट: 'इथे वहिनींचाच आवाज', 'हे वहिनींनी मला मारलं तेव्हाचं'. आता कादंबरीतली ती कठोर बाई कोण, हे शेंबडं पोरही सांगेल.

आईवडील आधीच गेलेले. दादा गेला तेव्हा हा अकरा वर्षांचा. वहिनींनीच त्याला वाढवलं, त्यांच्याशिवाय त्याला होतं कोण? त्यांनी हे वाचलं आणि आपल्याला मनातून उतरवलं तर?

जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाईलवरून बरोबर फाइल चढवली. साइटचं उत्तर आलं: बदल दिसायला तीन दिवस लागतील, विकलेल्या प्रती तशाच राहतील. विक्री झाली होती एक. एरवी नवा लेखक पहिल्या वाचकासाठी देव पाण्यात घालून बसतो. हा मात्र तो वाचक परका निघावा म्हणून हात जोडत होता.

संध्याकाळी घरी आला, तर वहिनी खुर्चीत बसलेल्या. नाकावर चष्मा, हातात मोबाईल.

"कॉम्प्युटर चालूच ठेवून गेलास," त्या म्हणाल्या. "पुस्तक समोरच दिसलं. विकत घेतलं."

"वहिनी, ते... खोटं आहे सगळं. गोष्ट आहे नुसती."

"खोटं कशाला? मारलंच होतं मी." त्यांनी बोटाने पान सरकवलं. "इथे कंसात लिहिलंयस, 'दादाला नेलं तेव्हा वहिनी रडल्या नाहीत. का ते विचारायचंय, पण भीती वाटते.'"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तू माझा हात सोडत नव्हतास रे. मी कोसळले असते तर तुला कोणी धरलं असतं?"

आणि वहिनी रडायला लागल्या. तो पार घाबरला, दारातच उभा राहिला. मग पुढे झाला आणि त्याने त्यांना धरलं.