शेवटचा भागाकार

आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, यजमानांनी, भेटलेल्या प्रत्येक माणसाला एकदा तरी जबर धक्का दिलेला आहे, आणि परळीच्या वीज केंद्रात मीटरचे आकडे टिपण्यात हयात घालवलेल्या माणसाला ते शोभूनही दिसतं. माणसांची नावं ते हमखास विसरतात, पण कुठल्याही संख्येचं कूळ क्षणात सांगतात. भाचीच्या, म्हणजे दाजींच्या लेकीच्या, सोयरिकीला पालीहून पाहुणे आले होते. मुलाचं वय अठ्ठावीस म्हटल्याबरोबर दाजी उठले आणि त्यांनी त्याला कडकडून मिठी मारली. मुलाचे वडील हबकून माझ्याकडे बघू लागले. "अठ्ठावीसला ज्यांनी भाग जातो त्या लहान संख्या घ्या," दाजी त्यांना समजावू लागले, "एक, दोन, चार, सात, चौदा. बेरीज पुन्हा अठ्ठावीसच. परिपूर्ण संख्या हाय. अशा लई थोड्या असतात." सोयरीक जमली. कशामुळे, ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मीटरवरचा शेवटचा आकडा टिपला : दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट. ही मूळ संख्याच असणार, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जाणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते सिद्ध करायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे दहा हजारांच्या जरा पुढपर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघायचं होतं. एकूण बाराशे तीस भागाकार. रोज अंघोळ झाली की एक, पेन्सिलनं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. मी मोबाइल पुढे केला तर म्हणाले, "तुझ्या वाटचं दुसऱ्यानं जेवलेलं चालंल का तुला?" तीन वर्षांहून जास्त हे चाललं.

शेवटच्या भागाकाराला त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. आक्कानं पेढे आणून ठेवले. फक्त दहा हजार सातनं भागायचं राहिलं होतं. दाजी भागत गेले आणि बाकी शून्य आली. त्यांनी पुन्हा भागलं. पुन्हा शून्य. बाराशे एकोणतीस वेळा न फुटलेली संख्या शेवटच्या घावाला फुटली होती. जावई हातात पेढा धरून तसाच उभा राहिला.

"फुटली तं फुटली," आक्का हळूच म्हणाली. "आत काय निघालं, ते तरी सांगा."

"दहा हजार सात आन् दहा हजार नऊ." दाजींची नजर कागदावरून हलत नव्हती. "दोनी मूळच. मधी दोनाचंच अंतर. अशांना जोडमूळ म्हणतात. इतक्या खेटून बसल्या होत्या, आन् मला दिसल्या न्हाईत."

संध्याकाळी ते मला स्टेशनवर सोडायला आले. कोळशाची मालगाडी जात होती. त्यांना बरं वाटावं म्हणून मी एका डब्यावरचा लांबलचक आकडा मोठ्यानं वाचला. त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. आज न्हाई." गाडी निघून गेली, तरी ते रुळांकडेच बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या पोरींची नावं काय रे?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. सकाळच्या शून्यानं बसला नव्हता इतका धक्का मला त्या प्रश्नानं बसला. मी नावं सांगितली. त्यांनी ती दोनदा म्हणून पाहिली, सावकाश, चुकू नयेत म्हणून.