विळी, पॉवर बँक आणि कोचीचं विमान

नाताळाला केरळात जायचं हे आमच्या घरात चर्चेशिवाय ठरलं. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लिन्सीला सातवा लागलाय. मी चालले. तुला यायचं तर ये."

लिन्सी ही आमची भाडेकरू. कर्जतच्या एका हॉस्पिटलात नर्स होती आणि दहिवलीत आमच्या माडीवरच्या खोलीत तीन वर्षं राहिली. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा ड्यूटी करून आल्यावर त्यांना रोज दरडावून चालवायची. तिच्या वडिलांना अचानक बरं नाहीसं झालं आणि ती एका दुपारीत खोली रिकामी करून गेली. धड निरोपही झाला नाही, आणि सासूबाईंच्या मनात ते सलत होतं. पुढे तिचं लग्न झालं. आता तिने नाताळाला बोलावलं होतं. माझा नवरा, राजेश, रसायनीला कंपनीत आहे, त्याला डिसेंबरात रजा नाही. म्हणजे आम्ही दोघीच. दोघींचाही पहिला विमानप्रवास.

भेटवस्तूंची यादी सासूबाईंची: घरचा तांदूळ, पोह्याचे पापड, जुन्या लुगड्यांची गोधडी बाळासाठी, लिन्सीच्या नवऱ्याला पॉवर बँक, आणि मुख्य भेट म्हणजे विळी. आमच्याकडे असताना लिन्सी जमिनीवर बसून सासूबाईंच्या विळीवर मासे कापायची आणि म्हणायची, "आई, मला आशी एक पायजे." तर कर्जतच्या लोहाराकडून खास बनवून आणली. पाट सागाचा, पातं लखलखीत, टोकाला नारळ खवायचं फूल.

नाताळाचा कागद मात्र बाजारभर मिळाला नाही. सगळीकडे एकच होता, फुग्यांचा, 'हॅपी बर्थडे' लिहिलेला.

"घे तोच," सासूबाई म्हणाल्या. "येशूचा वाढदिवसच हाय ना?"

दुकानदाराने हसत पाच ताव गुंडाळून दिले.

नियम मी मोबाईलवर तीनदा वाचले होते. तुम्हीही वाचा. धारदार वस्तू मोठ्या बॅगेत, जी विमानाच्या पोटात जाते. पॉवर बँक आपल्याजवळच्या पिशवीत. मी तशी बॅग भरली, कुलूप लावलं, किल्ली देवळीत ठेवली आणि निश्चिंत झाले.

तेवीस डिसेंबरला सकाळी सहाला निघालो. कर्जतहून चौकला येऊन जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागायचं आणि पनवेलमार्गे मुंबई. रस्ता चांगला आहे, पण नाताळाच्या आठवड्यात अख्खी मुंबई आमच्याकडच्या फार्महाउसांकडे निघालेली असते. आम्ही उलट्या दिशेने, त्यामुळे मोकळे. गाडीवाल्याने टोल धरून अडीच हजार घेतले. खालापूर तालुका सोडण्याआधी चौकला मिसळ खाऊन घ्या, विमानतळावर चहाचा भाव ऐकून भूक मरते. समोरची जाम झालेली गाड्यांची रांग पाहून सासूबाई म्हणाल्या, "ही मान्सं आपल्याकडं काय बगायला येतात गं?"

"शांतता, आई."

"मग आता ऱ्हाईली का ती?"

काउंटरवर बॅग गेली आणि पाचच मिनिटांत माझं नाव पुकारलं. बॅगेत पॉवर बँक आहे, काढा.

"शक्यच नाही," मी म्हणाले. "ती या पिशवीत आहे."

सासूबाई छताकडे बघायला लागल्या.

बॅग उघडली. आत फुग्यांच्या कागदातली एकसारखी पुडकी. पहिल्यात पापड. दुसऱ्यात गोधडी. तिसऱ्यात तांदूळ, तो थोडा सांडला. चौथ्यात पॉवर बँक. मागची रांग 'हॅपी बर्थडे'चे तुकडे पायाखाली तुडवत पुढे सरकत होती. मी पॉवर बँक पिशवीत टाकली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विळी बॅगेत नव्हती.

"आई, विळी कुठाय?"

उत्तर मिळायच्या आत आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत ढकलल्या गेलो होतो, आणि उत्तर दिलं ते यंत्राने. पट्टा थांबला. वर्दीतल्या बाईंनी आमची हातातली पिशवी उचलली.

"आजी, यात काय आहे?"

"भेट हाय."

"कसली भेट?"

"आता तुला सांगितलं तर मंग तिला गंमत काय ऱ्हाईल?"

कागद फाटला. पातं बाहेर आलं. मागचे दोन प्रवासी दोन पावलं मागे सरकले.

"आजी! विळी घेऊन विमानात?"

"ती बॅगा कशा फेकतात बगितलंय मी मोबाईलवर. पात्याला खांडा पडला आसता. म्हनून मी सकाळी आदलाबदल केली." मग माझ्याकडे वळून, "तू रागावशील म्हनून बोलले नाय."

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, इथेच सोडून जा, नाहीतर मागे जाऊन सामानात द्या. काउंटर बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती.

मी हळूच म्हणाले, "आई, सोडू या. तिकडे चाकू-बिकू घेऊ एखादा छान."

त्या विळी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या राहिल्या. हाड मोडल्यावरही न रडलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी बघून मी निमूट मागे फिरले.

काउंटरवर नवी अडचण. उघडं पातं घेणार नाहीत, खोक्यात बांधून आणा. खोकं कुठून आणायचं? रांगेत वाशीचे एक मल्याळी गृहस्थ उभे होते, त्यांच्या ट्रॉलीवर लांबलचक खोकं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"किसके लिए है, अम्मा?"

"पोरगी के लिए," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी खोकं उघडलं, आतून प्लास्टिकचं नाताळाचं झाड ओढून काढलं आणि खोकं आमच्या पुढ्यात ठेवलं. मी माझी शाल विळीभोवती गुंडाळली, काउंटरवरच्या मुलीने चिकटपट्टी दिली, आणि विळी चार मिनिटं राखून विमानाच्या पोटात गेली. झाड मात्र त्यांना हातातच न्यावं लागलं आणि ते तपासणी यंत्राच्या रबरी पडद्यात अडकलं. शेवटी ते वरच्या कप्प्यात बसलं, तरी दोन फांद्या कोचीपर्यंत बाहेर लोंबत होत्या. उड्डाणाच्या वेळी सासूबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. वर गेल्यावर म्हणाल्या, "यष्टीपेक्षा बरं हाय. खड्डे नायत."

कोचीहून अंगमालीच्या पुढे तासाभरावर लिन्सीचं घर. रबराची झाडं, दारात कागदी चांदणी. लिन्सी पोट सांभाळत धावत आली आणि आमच्या दहिवलीच्या बोलीत ओरडली, "आई, तुमी खरंच आला!"

खोकं उघडताना ती हसली, मग रडली, मग तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. नवं घर, ग्रॅनाइटचा ओटा, सगळं उभ्याने. आणि त्या पोटाने ती जमिनीवर बसणार कशी? सासूबाईंचा चेहरा उतरला. एवढ्या लांबून आणलेली भेट आता माळ्यावर जाणार, हे आम्हा तिघींनाही कळलं.

तेवढ्यात लिन्सीच्या सासूबाई आल्या. सगळे त्यांना अम्मची म्हणतात. त्यांनी विळी उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला, पदराने पाट पुसला आणि भुईवर ठेवून सरळ तिच्यावर बसल्या. नारळ मागवला. मग मासा मागवला. एकाच अवजारावर दोन्ही कामं होतात हे कळल्यावर त्यांनी मल्याळममध्ये जे काही म्हटलं, त्यावर लिन्सी हसून खाली वाकली.

"काय म्हनाली?" सासूबाई अधीर झाल्या.

"म्हनतात, ही माझी. सुनेला मिळनार नाय."

दोन दिवस दोन्ही सासूबाई विळीवर आळीपाळीने बसल्या आणि आपापल्या भाषेत अखंड बोलल्या. नाताळाच्या सकाळी चर्चमध्ये सासूबाई आमच्या विहारात बसतात तशाच हात जोडून बसल्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "शांत वाटलं. पन चपला काढाय पायजेत." नाश्त्याला आप्पम आणि नारळाच्या दुधातला रस्सा असतो. जाणार असाल तर पोट रिकामं ठेवून जा, कारण नको म्हणणं तिथे कुणाला कळत नाही.

परत येऊन आता दीड महिना झाला. कुणी विचारलं तर सांगते, तिकिटं लवकर काढा, भेटी तिकडे पोचल्यावर गुंडाळा, आणि किल्ली कमरेला ठेवा. राजेश विचारतो, एवढा खर्च करून काय मिळालं?

दर रविवारी अम्मचींचा व्हिडिओ कॉल येतो. लिन्सी फोन लावून देते आणि निघून जाते. परवा मी आत कांदा परतत होते. बाहेर सासूबाई बोलत होत्या, मराठीतच.

"सून चांगली हाय गं माझी. ईमानतळावर माझ्या पाई फाफलली, पन एक शब्द वाकडा बोलली नाय. मी तिला कदी सांगितलं नाय आसं. जमत नाय मला."

मी गॅस बारीक केला. पुढचं नीट ऐकायचं होतं. पण आता अम्मची बोलत होत्या, हळू आवाजात, मल्याळममध्ये. मला त्यातला एकच शब्द कळला, तो तीनदा आला. लिन्सी.

"व्हय गं," सासूबाई म्हणाल्या. "तसंच आसतं."