मोडक्या सीटची शाबासकी

मी देवळात हात जोडले तरी एक डोळा चपलांवर ठेवणारा माणूस. भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की पहिला फिदीफिदी हसणार मीच. तेव्हा तुम्हीही खुशाल हसा... माझ्यावर हसायला पुढं भरपूर जागा आहे.

गेल्या उन्हाळ्यात धाराशिवहून बेंबळीला तात्यांकडं, म्हणजे माझ्या चुलत्यांकडं जेवायला गेलो होतो. हात धुतोय तोच काकू ओरडल्या, "आरं पळ, ह्यांना बीपी झालाय!"

आता आमच्याकडं बीपी वाढला तरी 'बीपी झालाय' आणि उतरला तरी 'बीपी झालाय'. तात्या घामानं भिजलेले, हातपाय गार. मी तिथंच निदान केलं — लो! मोबाईलवर मिळवलेलं सगळं ज्ञान पणाला लावून लिंबूपाण्यात चमचाभर मीठ कालवलं आणि आग्रह करकरून पाजलं.

"दम लागलाय रं लई..." तात्यांच्या छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज.

गाडीत घातलं. माझ्या गाडीच्या पुढच्या सीटचा खटका तुटलेला, पाठ कायम मागं आडवी. दुरुस्तीचा आळस! पण त्या दिवशी मला तीच सोय वाटली.

"आडवे व्हा तात्या, आराम पडंल."

"न्हाय पडवत रं... गुदमरतंय..."

"पडा हो गप!" मी चक्क दरडावलं.

काकू शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागून येणार होत्या. गाडीत आम्ही दोघंच. शेजारी तात्यांची तडफड, आणि मी नुसता हॉर्न बडवतोय. गाव मागं पडलं आणि खट्ट आवाज झाला. बघतो तर सीट सरळ उभी, तात्या ताठ बसलेले! घरघर होतीच, पण श्वास घेता येत होता. म्हटलं, बसला खटका आपोआप.

दवाखान्यात तात्यांना उतरवलं आणि सीट धाडकन मागं पडली. तेव्हा लक्ष कुणाचं!

त्यांना बसवूनच ठेवलं. तोंडावर घट्ट मास्क, जिभेखाली औषध, लघवी होण्याचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, "बीपी भयंकर वाढलाय, हृदयाला झेपेना, फुफ्फुसात पाणी भरलंय. मीठ-पाणी कुणी पाजलं?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"परत पाजू नका. पण बसवून आणलंत ते फार चांगलं केलं. आडवं आणलं असतं तर वाटेतच..."

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लेकरानं वाचवलं माज्या!" मला त्या हाताखाली उभं राहवेना.

पुढं मेकॅनिकनं सीट उघडली. "आतले दातेच गेलेत. कुणी धरल्याशिवाय ही उभी राहूच शकत नाही."

तात्या घरी आल्यावर त्यांना हे सांगितलं.

"आरं, मागनं दोनी हातांनी पाठ रेटून धरलीवती की. मला वाटलं, तूच."

"मी गाडी चालवत होतो, तात्या. मागं कुणी नव्हतं."

तात्या म्हणाले, "मग त्याला च्या तरी पाजायचा हुता."

"पाजा," काकू म्हणाल्या, "पर ह्याच्या हातचा नगं. मीठ घालंल."

सगळे हसले, मीही हसलो. सीट आता दुरुस्त केलीय, उत्तर मात्र सापडलेलं नाही. काकू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पुतण्यानं वाचवलं म्हणून. तेव्हा माझी नजर आपोआप दारातल्या गाडीकडं जाते... मागच्या रिकाम्या सीटकडं. ती शाबासकी तिथली आहे.