आप्पांचं दोन बोटांचं दार

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे ईश्वरप्पा, गाडीचं दार दोन बोटांनी लावतात. बोटं टेकवायची, हलकेच ढकलायचं, की टक्. माजलगावात कापडाचं दुकान चालायला लागलं तेव्हा त्यांनी पांढरी अँबॅसेडर घेतली आणि मागची डावी जागा स्वतःकडे ठेवली. कुणी दार आपटलं की म्हणायचे, "उघड. परत लाव. दुकानाचं शटर न्हाई ते." लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत, अंगावर शालू असताना, मलाही ते परत लावावं लागलं होतं.

पुढे गाडी गंजली आणि अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. यंदा आप्पा म्हणाले, "कार्तिकी पुनवेला कपिलधारच्या यात्रेला आपल्याच गाडीनं जाऊ. गुडघ्याचा भरोसा न्हाई आता." आप्पा कधी काही मागत नाहीत. आमच्या ह्यांनी गाडी बायपासवरच्या हनुमान डेंटरकडे टाकली. दुकानामुळे ह्यांना सवड नव्हती, म्हणून देखरेख माझ्याकडे आली. माझी पात्रता अशी की मी बी.ए. आहे आणि रांगोळीतला एक ठिपका सरकला तरी मला दिसतो.

हनुमानलाही स्वतःचं कौतुक कमी नव्हतं. "वहिनी, आपण हात लावला की कंपनीलाबी गाडी वळखू येत न्हाई," तो म्हणायचा. हे चांगलं की वाईट, ते मी विचारलं नाही.

दसऱ्याला नारळ-विभूती घेऊन गेले, तर गंज कापून झालेला, पण दारं, मडगार्ड, बॉनेट सगळं भिंतीला टेकवलेलं. विभूती लावायला जागाच नाही.

"बॉनेट बसवा की," मी म्हणाले.

"वहिनी, मागची चौकट हलत न्हाई, म्हणून मागनं पुढं यावं लागतंय. आधी मागचं दार, मग पुढचं, मग मडगार्ड. बॉनेट सगळ्यात शेवटी."

"पूजेपुरतं हो."

त्यानं मडगार्ड आणि बॉनेट अडकवलं. मी विभूतीचे तीन पट्टे ओढले, मागे सरून पाहिलं, आणि तिथेच बिघडलं. पट्टे सरळ, बॉनेट तिरकं. मग काय, "जरा डावीकडे, आता थोडं वर" करत दुपारपर्यंत दोन्ही बाजूंची फट अशी एकसारखी करून घेतली की करंजीची कडही इतकी सारखी येत नसेल. फोटो घरच्या ग्रुपवर गेला. नणंद सुरेखानं टाळ्यांची चित्रं पाठवली. त्या टाळ्यांच्या जोरावर मी हुकूम सोडला, "आता हे हलवायचं नाही. पूजा झालीय."

हनुमानलाही फोटो आवडला होता. तो म्हणाला, "बसवू की हिशोबात."

मग पुढून मागे काम चाललं. मडगार्डला धरून पुढचं दार बसवलं, ते केसभर मागे सरकलं. त्याला धरून मागचं बसवलं, ते आणखी मागे. साऱ्या गाडीचं उणंदुणं गोळा होऊन शेवटच्या दारापाशी आलं, आणि डावीकडचं शेवटचं दार आप्पांचं.

आप्पा बघायला आले. काठी माझ्याकडे दिली, दोन बोटं टेकवली, ढकललं. दार चौकटीला अडून परत आलं. त्यांनी पुन्हा ढकललं.

"दणका द्या आप्पा, बसतंय," हनुमान म्हणाला आणि त्यानं स्वतःच दिला. शेडमधली कबुतरं उडाली.

आप्पांनी काठी परत घेतली. "चांगली झाली गाडी," ते म्हणाले. "कपिलधारला यष्टीनं जाऊ."

मी बॉनेटकडे पाहिलं. ते अजूनही देखणं दिसत होतं, आणि मला ते बघवेना.

"हनुमान, उतरवा ते. मागून धरा."

"पूजा झालीय म्हणलात की."

मग मीच पर्समधल्या पुडीतल्या अक्षता बॉनेटवर वाहिल्या, गणपती हलवताना वाहतो तशा. आप्पा बघत होते. "नीलम्मा," ते म्हणाले, "तू पाया भरायच्या आधीच तोरण बांधलं."

हनुमाननं सगळे नट ढिले केले, जॅक काढून गाडी चाकांवर उभी केली आणि मला म्हणाला, "वहिनी, मागं बसा. गाडीत वजन असलं की फट खरी कळती."

"दुसरं कुणी नाही का?"

"तुमच्यावाणी न्हाई."

आप्पा खोकल्याच्या निमित्तानं तोंड फिरवून उभे राहिले. बी.ए.चा असा थेट उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

या वेळी मागचं दार आधी लागलं. बॉनेट शेवटी बसलं आणि उरलंसुरलं सगळं त्याच्या वाट्याला आलं. डाव्या फटीत माझी करंगळी जाते, उजवीत नखही जात नाही. सुरेखानं नवा फोटो बघून विचारलं, "वहिनी, बॉनेट वाकडं आहे का?" मी लिहिलं, "फोन तिरका होता."

पुनवेला आप्पा मागे डावीकडे बसले. दोन बोटं. टक्. मग त्यांनी दार एकदा उघडून पुन्हा लावलं.

कपिलधारला दर्शन घेऊन आम्ही परत गाडीत बसलो. माझी नजर नेमकी त्या बॉनेटच्या फटीवर. त्या नादात मी माझ्या बाजूचं दार ओढलं. ते चांगलंच वाजलं.

मागून शांत आवाज आला, "नीलम्मा, उघड. परत लाव."

मी उघडलं, आणि परत लावलं.