त्या सालचा केना

उमरेडकडच्या आमच्या शेतात पहिल्यांदा सोयाबीन पेरलं ते माझ्या हट्टानं. तेव्हा ते पीक आमच्याकडे नवंच होतं. मी नागपुरात कारकून. शेती दादा आणि वहिनी करायचे. इतवारीतून बियाणं घेऊन, तीन दिवसांची रजा टाकून मी मोठ्या रुबाबात गावी पोचलो. जमीन नुकतीच भिजली होती.

दादा म्हणाला, "थांब ना गा आठ दिवस. आता तन उगवून येईल. त्याच्यावर वखर फिरवू, मंग पेरू. तुले एवढी घाई काहून आहे?"

घाई रजेची होती, पण ते कसं सांगणार? ओल उडून जाईल, असं मी ठोकून दिलं. चार बुकं शिकलेल्या धाकट्या भावापुढे दादा गप्पच बसायचा. पेरणी उरकून मी परतलो.

मग झड लागली. बैलांचा डवरा चिखलात चालेना. पंधरा दिवसांनी गेलो तर सोयाबीन कुठलं आणि केन्याचं तण कुठलं, कळेना. उघाड पडल्यावर दादानं डवरा फिरवला. पण तो दोन ओळींमधलंच तण काढतो, ओळीतलं हातानं उपटावं लागतं. केना तर उपटून तिथंच टाकला की कांड्याकांड्याला पुन्हा मुळं धरतो, म्हणून टोपल्या भरून धुऱ्यापलीकडे, शेताच्या बांधाबाहेर न्यायचा. साऱ्या गावाचं निंदण एकदमच आलेलं, मजूर बाया मिळेनात. वहिनी एकटीच ओळीत बसली होती.

तिची आई माहेरी अंथरुणाला खिळली होती. लेकीला पाठवा, असा दोनदा निरोप आला होता. वहिनीची भरलेली पिशवी मी घरात पाहिली होती.

"एवढं निंदण झालं का जातो, भाऊजी," ती म्हणाली.

"आजच जा, मी बसतो ओळीत," एवढंच मला म्हणायचं होतं. खोटं कशाला सांगू, तिनं आपणहून जाणं लांबवलं याचं मला बरंच वाटलं. संध्याकाळच्या एसटीनं मी नागपूर गाठलं. कपड्यांना चिखलसुद्धा लागला नव्हता.

निंदणात पंधरवडा गेला. वहिनी पोचली तेव्हा आईनं तिला ओळखलंच नाही. "कोण आली वं ही?" असं ती शेजारणीला विचारत राहिली.

हे वहिनीनंच मला सांगितलं, परत आल्यावर. वर म्हणाली, "पाऊसच तसा होता, भाऊजी. कोणाचा काय दोष?"

ती मला सांभाळून घेते आहे, हे कळत होतं. लाजेनं मेल्यासारखं झालं. तरी मी चटकन म्हणालो, "हो ना, पाऊसच फार झाला."

दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.