अठरा मिनिटांचं गाणं

टँकर आला म्हणून तोंड वाकडं करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या गल्लीत राहत होता. लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागे त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान, म्हणून सगळे त्याला भांडेवाल्यांचा धाकटा म्हणत. कपाळावर वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, धाकाने लावलेली विभूती आणि मानेवर स्वतःच्या मर्जीने वाढवलेले केस, अशा थाटात तो दुकानात बसायचा. बहात्तरच्या दुष्काळात घरचा मोठा रांजण कोरडा पडला, तेव्हा याने त्यात स्पीकर सोडला, हैदराबादहून आणलेली जुनी गिटार त्याला जोडली आणि एक तार छेडली. रांजणातून जो आवाज घुमत वर आला, तो ऐकून शेजारच्या काकूंनी घाबरून देवापुढे दिवा लावला. तीन दिवसांनी टँकर आला. आई रांजण भरायला निघाली, तर हा दारात आडवा. "आई, पाणी घागरीत भर. रांजणात माझा सूर हाय." सारं गाव पाण्यासाठी भांडत होतं आणि या घरात पाणी नको म्हणून भांडण चाललं होतं. शेवटी अप्पांनी दुकानातली दोन पिंपं घरी दिली. मुलाच्या प्रेमापोटी नव्हे, गल्लीत शोभा नको म्हणून.

दुकानात तो बसला की अप्पांना धंद्याची धास्ती वाटायची. जळकोटचे एक पाहुणे लेकीच्या लग्नासाठी एकात एक बसणारे पाच डबे घ्यायला आले होते. याने डबे मापाने न निवडता आवाजाने निवडले. घरी जाऊन पाहतात तर एकही दुसऱ्यात बसेना. पाहुणे तावातावाने परत आले, तेव्हा याने पाचही डबे ओळीने मांडले, बोटाने वाजवून दाखवले आणि अगदी मनापासून विचारलं, "आता तुम्हीच सांगा मामा, यातला कोणता काढू?" मामा अर्धा तास माना डोलावत ऐकत बसले. डबे मात्र बदलूनच नेले.

रॉक संगीत तो रेडिओवर शिकला. आमच्याकडे परदेशी स्टेशन धड लागायचं नाही, निम्मं गाणं आणि निम्मी खरखर. ही खरखर गाण्याचाच भाग आहे अशी याची समजूत झाली, आणि जीव ओतून तो ती गिटारवर काढायला शिकला. पुढे खरी रेकॉर्ड ऐकायला मिळाली, तेव्हा म्हणाला, "चांगलं वाजवायलेत, पण लई पुसून घेतलंय." लग्नसराईत तो बँडपार्टीबरोबर जायचा. हातगाडीवर मोटारीची बॅटरी, बॅटरीशेजारी रांजण, मागे हा. भोकरपर्यंतच्या वराती त्याने दणाणून सोडल्या. वऱ्हाडी मंडळी तांब्या घेऊन रांजणाशी यायची आणि आतून डरकाळी ऐकून तशीच मागे फिरायची.

या वरातींतच त्याने स्वतःचं एक गाणं रचलं. शब्द नाहीत, नुसती गिटार, मोजून अठरा मिनिटं. पण वरात कधी अठरा मिनिटं चालू देते का? सहा-सात मिनिटांत मांडव यायचा, कुणीतरी "मुहूर्त टळतोय" म्हणून ओरडायचं आणि बॅटरीची वायर उपटायचं. "सर," तो मला म्हणायचा, "खरं गाणं चौदाव्या मिनिटाला सुरू होतंय. एकदा पुरतं वाजवू द्या कुणीतरी. दुसरं काही मागणं न्हाई." ती पहिली सहा मिनिटं मी किमान चाळीसदा ऐकली असतील. मी म्हणालो, मी देतो तुला संधी. शाळेत मास्तर असलो तरी गावात माईक माझ्याच हातात असायचा.

संधी आली ती लातूर जिल्हा झाला तेव्हा. त्या आनंदात आमच्या बाजारपेठेने कार्यक्रम ठेवला. सूत्रसंचालक मीच, आणि यादीत शेवटी मीच लिहिलं होतं : गिटारवादन, वीस मिनिटं. तो दुपारपासून मंचाच्या कडेला रांजण मांडून बसला होता. विभूती लावून, केस विंचरून. मग सत्कार सुरू झाले. नव्या जिल्ह्यात आपला हार मागे राहायला नको म्हणून भुसारवाले आले, कापडवाले आले, सराफ आले, ज्यांचं काहीच नव्हतं तेही शाल घेऊन आले. कुणाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात पिण्याच्या पाण्याची चोख सोय केल्याबद्दल आमचं कौतुक केलं, तेही रांजणाकडे हात करून. दिवेलागणीला मी माईक घेतला आणि आयुष्यात शेकडो वेळा उच्चारलेलं वाक्य उच्चारलं, "वेळेअभावी आपण इथेच थांबत आहोत." मी त्याच्याकडे बघितलं नाही. तोच जवळ आला. "ऱ्हाऊ द्या सर, पाहुण्यांना लांब जायचं हाय. रविवारी घरी या, तुम्हाला एकट्याला पुरतं ऐकवतो."

त्या रविवारी मला पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी काय होतं ते आता आठवतही नाही, म्हणजे काही विशेष नसणारच. तीन महिन्यांत त्याला कावीळ झाली. तिशीसुद्धा गाठली नाही त्याने.

मातीनंतर आठवड्याने अप्पांनी मला दुकानात बोलावलं. बराच वेळ एक तांब्या पुसत राहिले. मग म्हणाले, "सर, पोरगा ते अठरा मिनिटांचं वाजवायचा. गिऱ्हाईक आलं की मी 'बंद कर' म्हणायचो. मी कधी पुरतं ऐकलं न्हाई. तुम्ही त्याचे दोस्त, तुम्ही ऐकलंच असल. शेवटाला काय होतं हो?"

मी म्हणालो, "फार सुंदर होतं अप्पा. शेवटी एकदम शांत होत जातं."

"शांत होतं म्हणता? बरं झालं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, "शेवटाला लई शांत हाय त्याचं गाणं. सर म्हणाले."

अप्पाही आता नाहीत. मी मात्र कितीतरी वेळा ती सहा मिनिटं मनात वाजवून पुढे जायचा प्रयत्न करतो. पुढचं काहीच ऐकू येत नाही. त्या पोराला मी ओळखत होतो, तेवढ्यावरून एकच सांगू शकतो. त्याच्या गाण्याचा शेवट शांत नसणार.